भूत, भविष्य आणि धक्का

मल्लेश्वरममधल्या आमच्या इमारतीत रविवार उजाडतो तो माझ्या नावाच्या पुकाऱ्याने. दुधाच्या पिशव्या अजून दारांना लटकत असतात, तळमजल्यावरच्या आजींच्या रेडिओवर सुप्रभातम अर्ध्यावर आलेलं असतं, आणि पार्किंगमधून दोन दिशांनी एकाच वेळी हाका येतात. "जावईबापू!" ही हाक पूर्वेकडून. तिथे माझे सासरे अप्पा आणि त्यांची १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी. "अहो, येताय काय की!" ही हाक पश्चिमेकडून. तिथे शेजारचे एचएएल काका आणि त्यांची २००४ सालची रेवा. दोघांनाही माझ्याकडून एकच गोष्ट हवी असते. धक्का.

रेवा विजेवर चालते, त्यामुळे ती धक्का मारून चालू होत नाही, हे काका मला दर रविवारी शांतपणे समजावतात. तिला फक्त वायरीपर्यंत न्यायचं असतं. पद्मिनी धक्का मारून चालू होते म्हणून तिच्यात काही बिघाड आहे असं समजायचं कारण नाही, हे अप्पा तितक्याच शांतपणे समजावतात. तिला फक्त सुरुवात करायला आवडत नाही.

मी आयटीत आहे. अडलेली वस्तू पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायची, या एका युक्तीवर माझं घर चालतं. पद्मिनीवर ही युक्ती चालत नाही, कारण तिथे पहिला अर्धा भाग गाडी स्वतःच उरकते. रेवावर चालत नाही, कारण ती चालू आहे की बंद, हे बाहेरून कुणालाच कळत नाही. त्यामुळे या दोन्ही गाड्यांच्या संसारात माझं स्थान डोक्याचं नसून खांद्याचं आहे. डावा खांदा सासरचा, उजवा शेजारधर्माचा.

अप्पा मुंबईत बँकेत होते. निवृत्तीनंतर मुलीकडे राहायला यायचं ठरलं तेव्हा सासूबाई उद्यान एक्स्प्रेसने निघाल्या आणि अप्पा पद्मिनीने. सासूबाई पोचल्या, स्वयंपाकघर त्यांच्या मनासारखं लावून झालं, शेजारणींशी ओळखी झाल्या, भाजीवाल्याशी पहिलं भांडण झालं आणि मिटलं; मग अप्पा पोचले. वाटेत कराड, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग असे त्यांचे मुक्काम झाले. ते मुक्काम ठरवून केले होते, असं ते म्हणतात. प्रत्येक मुक्कामाला गॅरेजवाल्याकडे जेवले, एवढंच.

एचएएल काकांचं खरं नाव त्यांच्या दारावर लिहिलेलं आहे, पण ते कन्नडमध्ये असल्यामुळे इतक्या वर्षांत मला वाचता आलेलं नाही. एचएएलमध्ये त्यांनी विमानांची इंजिनं तपासली. बालपण बेळगावात गेल्यामुळे ते मराठीत भांडतात आणि माफी मात्र कन्नडमध्ये मागतात. त्यामुळे त्यांनी अनेकदा माफी मागितली आहे, हे अप्पांना अजून ठाऊक नाही.

आता गाड्यांविषयी. पद्मिनी ही मुळात इटलीची फियाट ११००. १९६४ पासून कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात हे मॉडेल बनू लागलं, सत्तरच्या दशकात तिला चितोडच्या राणीचं नाव मिळालं आणि शतक संपेपर्यंत ती जवळजवळ तशीच बनत राहिली. इटालियन लोकांनी दरम्यान कितीतरी नवी मॉडेलं काढली. आपण म्हटलं, हीच बरी आहे. १०८९ सीसीचं इंजिन, चार गिअर, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला. त्या काळी गाडी विकत घेत नसत, गाडीसाठी नंबर लावत. अप्पांनी लग्नाआधी नंबर लावला होता आणि मुलीकडच्यांना पाठवलेल्या माहितीत पगाराच्या खाली तसा उल्लेख होता. सासूबाई म्हणतात की त्यांनी त्या ओळीकडे बघून होकार दिला. गाडी आली तेव्हा माझी बायको बालवाडीत जात होती.

ती चालू करण्याचा एक विधी आहे. आधी बॉनेट उघडून आत बघायचं. काय बघायचं, हे मला कधी कळलं नाही, पण बघायचं. मग चोक ओढायचा. बंगळूरच्या थंडीत किती ओढायचा, हे अप्पा डोळे मिटून ठरवतात. मग ॲक्सिलरेटर दोनदा दाबायचा. तिसऱ्यांदा दाबला की पेट्रोल जास्त होतं, प्लग ओले होतात, ते काढून पुसावे लागतात, आणि हे सगळं माझ्यामुळे झालेलं असतं, कारण मी बघत होतो.

या गाडीला पुढे सलग सीट आहे. त्यामुळे 'त्या वर्षी आम्ही नऊ जण महाबळेश्वरला गेलो होतो' ही आमच्या सासरची मूळ कथा आहे. प्रत्येक कथनात त्यात एक माणूस वाढतो. मागच्या दिवाळीला आकडा बारावर गेला, आणि त्यातल्या दोघांचा तेव्हा जन्म झालेला नव्हता. त्यांतला एक मी.

रेवाचं सगळंच उलटं. ती अस्सल बंगळूरची. इथल्या मैनी उद्योगसमूहाने अमेरिकेतल्या अमेरिगॉन कंपनीबरोबर १९९४ साली हा उपक्रम सुरू केला, चेतन मैनी यांनी तो तडीस नेला आणि २००१ साली गाडी रस्त्यावर आली. टेस्ला कंपनीची स्थापना २००३ सालची. हे शेवटचं वाक्य काका दिवसातून एकदा तरी उच्चारतात. समोर कुणी नसेल तर लिफ्टमध्ये. दोन दारं, पुढे दोन मोठी माणसं, मागे दोन मुलं, लांबी जेमतेम अडीच-पावणेतीन मीटर. सीटखाली सहा-सहा व्होल्टच्या आठ लेड-ॲसिड बॅटऱ्या. कंपनीच्या हिशोबाने एकदा पूर्ण चार्ज केली की ८० किलोमीटर. काकांनी घेतली तेव्हा त्यांचे दोन नातू मागच्या सीटवर आरामात मावायचे. ते नातू आता सहा-सहा फुटांचे आहेत आणि आजोबांकडे यायचं म्हटलं की आधी विचारतात, "न्यायला कोण येणार?"

मौज बघा. पद्मिनीचं उत्पादन थांबलं ते शतक बदलताना, आणि त्याच सुमारास रेवा आली. एकीने मागच्या दाराने जायचं आणि दुसरीने पुढच्या दाराने यायचं, असा तो मुहूर्त होता. प्रत्यक्षात दोघीही येऊन आमच्या पार्किंगमध्ये थांबल्या.

रेवाच्या चार्जिंगसाठी काकांनी दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर सोडलेली आहे. पंधरा अँपिअरचा प्लग घरात तिथेच आहे आणि त्यावर काकूंचा ग्राइंडरही चालतो. म्हणजे काकांच्या घरी एका वेळी एकच गोष्ट होऊ शकते: डोशाचं पीठ किंवा प्रवास. काकूंचा कौल बहुधा पिठाला असतो. काका रात्री झोपताना प्लग लावतात, काकू पहाटे उठून काढतात, आणि या संसारावर रेवाचं तब्येतपाणी अवलंबून आहे.

दोघांचा वाद हा असा सुरू होतो.

"आमच्या गाडीला क्लच नाही," काका म्हणतात. "गिअरही नाहीत. पुढे जायचं की मागे, एवढंच सांगायचं. बस की!"

"मग ड्रायव्हरला काम काय?"

"विचार करायचा."

"कशाचा?"

"चार्ज किती उरलाय याचा."

"आमच्या गाडीचा आवाज ऐका," अप्पा म्हणतात. "कोपऱ्यावर आली की सासूबाई चहा टाकतात." (अप्पा माझ्यासमोर बायकोचा उल्लेख 'सासूबाई' असाच करतात. हेही गाडीइतकंच जुनं मॉडेल आहे.)

"आमची आवाजच करत नाही."

"मग रस्त्यावरच्या माणसाला कळणार कसं, की आपल्याकडे गाडी आहे?"

"धूरही नाही."

"धुराशिवाय मेकॅनिकला कळणार कसं, की तिला काय होतंय? आमची पांढरा धूर सोडते तेव्हा तिला एक सांगायचं असतं, काळा सोडते तेव्हा दुसरं."

"आमच्या सीटला थंड हवा लागते. सीटलाच! अख्खी गाडी थंड करायची गरज काय? माणूस थंड झाला की पुरे."

"आमच्या गाडीला त्रिकोणी काच आहे. ती उघडली की वारा थेट छातीवर. फुकट."

या वादात मला एक गोष्ट हळूहळू दिसायला लागली. गाडीत जे नाही, ते मालकाच्या तोंडी सगळ्यात मोठा गुण होतं. रेवाच्या मागच्या सीटवर मोठं माणूस बसत नाही, म्हणून काकांच्या घरी लांबचे पाहुणे उतरत नाहीत, हा तिचा मोठा फायदा. पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग नाही, म्हणून अप्पांचे दंड अजून घट्ट आहेत. रिव्हर्स घेताना दोन्ही हात, मान आणि इष्टदेवता, एवढं सगळं लागतं. हे सगळं अप्पा योगासनांच्या ऐवजी धरतात. मी एकदा भीत भीत विचारलं, "पण अप्पा, हे सगळं नव्या गाडीत असतंच ना?" त्यावर दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच दोन्ही गाड्यांच्या काचा पुसायला घेतल्या.

शस्त्रं दोन्हीकडे चोख आहेत. रेवा लंडनमध्ये 'जी-विझ' या नावाने विकली गेली. तिथल्या मध्यवस्तीत २००३ पासून गाड्यांना गर्दीचा कर लागू झाला, त्यात विजेच्या गाड्यांना माफी होती, म्हणून हौशी लंडनकरांनी ती घेतली. काकांचा भाचा तिथे आहे. त्याने पाठवलेला फोटो काकांनी पाकिटात ठेवलाय: ब्रिटिश पावसात उभी असलेली एक रेवा. "लंडनमध्ये चालते!" असं म्हणून ते तो फोटो काढतात. पण अप्पांनी कुठून तरी शोधून काढलं की युरोपच्या नियमांप्रमाणे जी-विझची नोंद मोटार म्हणून नव्हतीच. क्वाड्रिसायकल म्हणून होती. त्या दिवशी अप्पांनी घरी शिरा करायला लावला.

"तुमची गाडी कायद्याने गाडीच नाही की हो!" ते जिन्यातूनच ओरडले. काकांशी बोलताना त्यांना आता 'की हो' लागायला लागलं होतं.

"कायद्याने तुमची तरी कुठे अजून रस्त्यावर असायला हवी?" काका वरून म्हणाले.

काकांनी सूड उगवला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये. मुंबईच्या टॅक्सींना वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबरपासून मुंबईच्या रस्त्यावर अधिकृत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. बातमी वाचून अप्पांनी दाढी केली नाही. संध्याकाळी काका हात जोडून दारात उभे. "कळलं मला," ते खालच्या आवाजात म्हणाले. "वय काय होतं?"

"वीस," अप्पा म्हणाले.

"लहान होती की."

त्या एका वाक्याने अप्पा इतके विरघळले की त्यांनी काकांना चहा पाजला. कप खाली ठेवून काका म्हणाले, "माझी आता एकोणीस पूर्ण करेल. अजून भविष्यकाळातली वाटते, नाही?" चहा वाया गेला. "तुमचा भविष्यकाळ एकोणीस वर्षांचा झाला," अप्पा म्हणाले. "आता त्याच्यासाठी स्थळं बघा."

मग मी समेट घडवायचं ठरवलं. वाचताना एक माहिती माझ्या हाती लागली होती आणि ती ऐकून दोघे एकमेकांच्या गळ्यात पडतील, अशी माझी खात्री होती. मी दोघांना गच्चीवर बोलावलं, मध्ये चिवडा ठेवला आणि म्हणालो, "प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुणी काढली, माहितीय? वालचंद हिराचंद यांनी, १९४४ साली. सोलापूरचे."

"अर्थात," अप्पा म्हणाले.

"आणि काका, डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कुणी काढली? तुमची एचएएल?"

काका गप्प झाले.

"त्याच वालचंद हिराचंद यांनी. म्हणजे अप्पांची गाडी आणि काकांची नोकरी, दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यातून निघाल्या. तुम्ही एकाच घरातले!"

चिवडा खाण्याचा आवाज थांबला. मी आलिंगनासाठी वाट करून दिली.

"म्हणजे," अप्पा सावकाश म्हणाले, "यांचं पेन्शन आमच्या सोलापूरच्या माणसामुळे चालू आहे?"

"विमान १९४०," काका म्हणाले. "मोटार १९४४. थोरले आम्ही. धाकट्याने वाकून नमस्कार करावा, अशी पद्धत आहे की."

त्यानंतर वाद फार वरच्या पातळीवर गेला. आता गाडीबरोबर घराणंही आलं. काकांनी अप्पांना 'धाकटे' म्हणायला सुरुवात केली. अप्पांनी सांगितलं की वालचंदांनी विमानं सरकारच्या हाती जाऊ दिली, पण मोटारी घरातच ठेवल्या, यावरून लाडकं कोण ते बघा. चिवड्याचा डबा कुणी परत आणला नाही. तो अजून गच्चीवर आहे.

शेवटी निकाल रस्त्यावरच लावायचा, असं ठरलं. मल्लेश्वरम ते गांधी बझार, अंतर आठ-नऊ किलोमीटर, आणि शेवटी विद्यार्थी भवनचा डोसा. १९४३ पासून चालू असलेलं हे ठिकाण दोन्ही गाड्यांच्या आधीचं थोरलं घर म्हणून मान्य झालं. वेळ कुठून मोजायची, यावर रात्रभर चर्चा झाली. काका म्हणाले, चावी फिरवल्यापासून. अप्पा म्हणाले, गाडी हलल्यापासून. मधला काळ पूजेत धरावा. तडजोड झाली ती फाटकापासून. माझी बायको तटस्थ निरीक्षक म्हणून रेवात बसली. मी पद्मिनीत बसलो, पण प्रवासी म्हणून नाही. डिकीतला जॅक, पाण्याचा कॅन, फडकं आणि मी, अशी ती यादी होती.

बंगळूरच्या वाहतुकीत शर्यत ही कल्पनाच मुळात वेडगळ आहे. टॉमटॉम या नकाशे बनवणाऱ्या कंपनीने २०२२ सालचा हिशोब मांडला, तेव्हा शहराच्या मध्यभागात दहा किलोमीटर जायला सरासरी २९ मिनिटं १० सेकंद लागतात असं निघालं. जगात दुसरा नंबर. पहिला लंडनचा. म्हणजे जगातल्या सगळ्यात तुंबलेल्या दोन्ही शहरांत रेवा शोभून दिसली, आणि या वेगाने अप्पांचा चौथा गिअर मुंबई सोडल्यापासून निवृत्तच आहे. तिकडे ८० किलोमीटरची हमीसुद्धा फार मोठी वाटते. एका दिवसात ८० किलोमीटर जायला बंगळूरमध्ये सुट्टी काढावी लागते.

पण खरं सांगतो, आम्हाला वाहतुकीने अडवलं नाही. संपिगे रोडच्या पहिल्याच सिग्नलला एका रिक्षावाल्याने पद्मिनीवरून प्रेमाने हात फिरवला आणि विचारलं, "एष्टु सार?"

"कोडल्ला," अप्पा म्हणाले. देणार नाही. अप्पांना कन्नडमधला एवढाच शब्द येतो आणि तो वापरायची संधी ते शोधत असतात. रिक्षावाल्याने किंमत वाढवली. अप्पांनी आणखी रुंद हसून नकार दिला. सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. अप्पांना वाटलं, तेही गाडी मागतायत. पुढच्या सिग्नलला हिरवा दिवा लागलेला असूनही त्यांनी वेग कमी केला. "लाल होईल आता," ते आशेने म्हणाले.

बायकोचा फोन आला. "तुम्ही कुठे आहात?"

"दुसऱ्या सिग्नलला. तुम्ही?"

"पहिल्या. काका एका माणसाला बॅटरी समजावून सांगतायत."

"कोण माणूस?"

"ट्रॅफिक पोलीस. त्याने फक्त लायसन्स मागितलं होतं."

टाउन हॉलच्या पुढे जे.सी. रोड लागतो. गाड्यांच्या सुट्या भागांची बंगळूरमधली ही पेठ, आणि पद्मिनी तिथे थांबणार नाही असं मानणं म्हणजे माहेरच्या दारावरून लेक तशीच पुढे जाईल असं मानणं. गर्दीत सरपटून इंजिन तापलं, पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचेना, आणि गाडीने श्वास सोडला. अप्पांनी "फडकं!" असं म्हटलं. यादीतलं फडकं घरीच राहिलं होतं. माझा नवा रुमाल ओला होऊन पेट्रोलच्या पंपावर बसला. पाच मिनिटांत बॉनेटभोवती तज्ज्ञ जमले. एकजण म्हणाला, पॉईंट घासा. दुसरा म्हणाला, कार्बोरेटरमध्ये कचरा आहे. तिसऱ्याने काहीच न बोलता शर्टाच्या बाह्या वर केल्या. तो इडलीच्या गाडीवरचा होता. "स्वल्प अडजस्ट माडी, सार," असं म्हणून त्याने एक वायर हलवली, गाडी चालू झाली आणि गर्दीने टाळ्या वाजवल्या. श्रेय माझ्या रुमालाला कुणी दिलं नाही.

एवढ्यात समोरच्या दुकानदाराने अप्पांना ओळखलं. माणूस नव्हे, गाडी ओळखली. त्याने आतल्या फळीवरून एक पुडकं आणलं, वर्तमानपत्राचा कागद सोडवला आणि आत वायपरची मोटर होती, मूळची, कोरी. अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या वायपरची मोटर उत्तम चालते. "असू द्यावी," अप्पा म्हणाले. घासाघीस झाली, चहा झाला, दुकानदाराच्या वडिलांच्या फियाटची आठवण झाली. निघताना त्यांनी मला बजावलं: "आपण थांबलो नाही. आपण खरेदी केली."

तोवर रेवा लालबागपर्यंत आली होती आणि चार्जचा काटा खाली बसला होता. काकूंनी आदल्या रात्रीच प्लग काढला होता; पीठ छान फुगलं होतं म्हणे. काकांनी पंखा बंद केला, रेडिओ बंद केला, थंड सीट बंद केली. मग ते माझ्या बायकोला म्हणाले, "तुम्ही जरा उतरून चालाल काय? वजन कमी होईल." ती उतरून गाडीबरोबर चालू लागली. थोड्या वेळाने ती पुढे गेली. तटस्थ असल्यामुळे थांबावं की नाही, हे तिला कळेना, म्हणून ती चालत राहिली. काकांनी एका शिंप्याच्या दुकानासमोर गाडी लावली, त्याच्या इस्त्रीचा प्लग काढायला लावला आणि आपली वायर जोडली. फुकट वीज कशी घ्यायची, म्हणून दोन पँटींचं माप दिलं.

"तुम्ही वाटेत थांबलात," अप्पांनी नंतर आरोप केला.

"थांबलो कुठे? पँट शिवायला टाकली."

गांधी बझारला सगळ्यात आधी पोचल्या त्या सासूबाई आणि काकू. मेट्रोने नॅशनल कॉलेज स्टेशनला उतरल्या, डोसा खाल्ला, शेवंतीची फुलं घेतली आणि परतीच्या वाटेला लागल्या. हे निकालात धरायचं नाही, असं दोघांनी एकमताने ठरवलं. त्यांचं एवढं एकमत मी प्रथमच बघितलं. दुसरा नंबर माझ्या बायकोचा, पायी. तोही बाद. मग उरलेल्या दोन गाड्या विरुद्ध दिशांनी एकाच मोकळ्या जागेकडे आल्या आणि एकमेकींसमोर नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या. पद्मिनीला मागे घ्यायला तीन माणसं लागली असती. रेवाला मागे घेण्याइतका चार्ज नव्हता. तिथला पार्किंगवाला पोरगा दोन्ही गाड्यांकडे बघत म्हणाला, "शूटिंग आहे का सार? हिरो कोण?"

दोघांनीही मान ताठ केली. त्याने मागे वळून मला ऑटोग्राफ मागितला नाही.

डोशाच्या रांगेत विषय माझ्यावर आला. "तुमच्याकडेही गाडी आहे ना?" काकांनी विचारलं. ती त्यांच्या रेवाच्या शेजारीच असते.

"आहे."

"कोणती?"

"पांढरी."

"तिला काय होतं?"

"काही होत नाही, काका. चावी खिशात असली तरी बटणाने चालू होते."

अप्पांनी आणि काकांनी एकमेकांकडे बघितलं. मग अप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. लग्नानंतर इतक्या मायेने त्यांनी कधी हात ठेवला नव्हता. "होईल," ते म्हणाले. "धीर धरा. काहीतरी होईल तिला."

डोसे आले. तुपाने दोघेही सैल झाले आणि गाड्यांच्या परलोकाची चर्चा सुरू झाली. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम केला आहे. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूप न बदललेली गाडी असेल तर ती 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या कामाला वापरायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची.

"माझी २०३२ साली बसते," अप्पा म्हणाले.

"मूळ रूप हवं," काका म्हणाले. "तुमच्यात मूळचं काय राहिलंय? इंजिन बोअर केलेलं, सीट बदललेल्या, रंग तिसरा."

"गाडी बदलली तरी मालक मूळचा आहे. आणि रोज वापरायची नाही, ही अट तर आत्ताही पाळतो." अप्पांनी चटणी ओढून घेतली. "तुमची कधी?"

काकांनी बोटांवर हिशोब केला. "दोन हजार चोपन्न."

मी गणित करायला नको होतं, पण आयटीवाल्याला राहवत नाही. "काका, तेव्हा तुम्ही एकशेतीन वर्षांचे असाल."

"असू दे की," काका डोशाचा शेवटचा तुकडा तुपात घोळवत म्हणाले. "बॅटरी बदलून घेऊ."

अप्पांनी घास गिळला आणि काळजीने विचारलं, "आणि गाडीची?"